तेरेखोल किल्ला

उत्तर गोव्याच्या पेडणे तालुक्यातील एक लहान सागरी किल्ला. तेरेखोल नदी समुद्राला मिळते तेथे उत्तर तीरावरच्या टेकाडावर तो आहे. समोर दक्षिणेला केरीचा किनारा, पाठीशी सिंधुदुर्ग जिल्ह्यातील रेडी. नदीच गोव्याची सीमा मानली तर किल्ला महाराष्ट्रात यायला हवा. पण किल्ला आणि त्याखालचे गाव एवढाच तुकडा नदीपलीकडे असूनही गोव्यात राहिला आहे.

सतराव्या शतकात सावंतवाडीच्या खेम सावंत भोसले यांनी नदीमुखावर पहारा ठेवण्यासाठी तो बांधला. १७४६ मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉय पेद्रू मिगेल द आल्मैदा याने तो जिंकला. त्याच वर्षी त्याने हळर्णचा (पोर्तुगीज नाव आलोर्णा) किल्लाही घेतला होता आणि त्यावरून त्याला ‘मार्किस द आलोर्णा’ ही पदवी मिळाली. १८३५ मध्ये पहिला गोमंतकीय गव्हर्नर बेर्नार्दु पेरीस द सिल्व्ह याला लष्कराने पदच्युत केले. त्या धामधुमीत त्याच्या बाजूची येथील शिबंदी कापली गेली. १५ ऑगस्ट १९५४ रोजी आल्फ्रेड आफोन्सु यांच्या सत्याग्रही तुकडीने येथे तिरंगा फडकवला. गोवा मुक्त झाला तो मात्र डिसेंबर १९६१ मध्ये.

आजच्या प्रवाशांना किल्ला ठाऊक आहे तो लढायांपेक्षा मुक्कामासाठी. अनेक वर्षे येथे वारसा-हॉटेल होते. खोल्या अवघ्या सात, आणि त्यांना क्रमांकांऐवजी वारांची नावे. सोमवारी येऊन शुक्रवारात झोपणे ही गंमत येथेच शक्य होती. खोल्या तटाला लागून, म्हणून खिडकी उघडली की नदी आणि समुद्र एकाच नजरेत. जेवणात गोमंतकीय आणि पोर्तुगीज पदार्थ असत. समोरच्या केरीच्या वाळूवर ऊन उतरू लागले की तटावरच्या टेबलावरून उठवत नसे. फ्रान्समधील ‘शातो’त राहण्याच्या हौसेचा हा गोमंतकीय अवतार म्हणता येईल, पण त्याचे खरे सख्खे भावंड पोर्तुगालमधील ‘पोझादा’. सरकारी अतिथिगृहांची ती मालिका १९४२ मध्ये सुरू झाली आणि पुढे जुने किल्ले व मठही तिच्यात आले. फ्रान्समधील ल्वार नदीच्या काठी शातोत उमराव राहत. तेरेखोलात कधी कोणी ऐषारामात राहिल्याचे दिसत नाही. ही शिपायांची चौकी होती, आणि खोल्यांचा आटोपशीरपणा त्याचीच खूण.

अंगणात मधोमध सेंट अँथनीचे पांढरे चर्च आहे. ते हॉटेलच्या मालकीची शोभेची वस्तू नव्हे, गावाचे प्रार्थनास्थळ आहे. फेस्ताच्या दिवशी गावकरी किल्ल्यात येत, आणि एरवी पाहुण्यांचे असलेले अंगण तेवढ्यापुरते पुन्हा गावाचे होई.

पणजीहून अंतर सुमारे ४२ किमी. केरीहून फेरीबोट आहे. किरणपाणी-आरोंदा पुलावरून रेडीमार्गे रस्त्यानेही येता येते, पण तो वळसा लांबचा. त्यामुळे केरीकडून नुसते जेवायला आलेल्याला एक नजर ताटावर आणि दुसरी शेवटच्या फेरीबोटीवर ठेवावी लागे.