गाडीचे ऑइल सील: गळती कशी ओळखावी आणि सील कधी बदलावे?

फिरणारा शाफ्ट इंजिन किंवा गिअरबॉक्समधून बाहेर येतो, तिथे ऑइल अडवून धरणारी गोल कडी म्हणजे ऑइल सील. नेहमीच्या सीलमध्ये बाहेर धातूची रिंग, आत रबराची पातळ कड आणि ती शाफ्टवर दाबून ठेवणारी बारीक स्प्रिंग असते. उष्णतेने रबर कडक होते, कड झिजते आणि ऑइल झिरपू लागते.

मात्र गाडीखाली डाग दिसला की सील गेलेच, असे नाही. टॅपेट कव्हरच्या पॅकिंगमधून निघालेले ऑइल इंजिनवरून ओघळत खाली येते आणि सीलच गळते आहे असे वाटते. म्हणून आधी इंजिन स्वच्छ पुसावे, गाडी थोडी चालवावी आणि ओल शोधताना वरून खाली पाहत जावे. सर्वात वरची ओली जागा बहुधा गळतीचे मूळ असते.

इंजिनचा ब्रीदर तुंबला असेल तर आत दाब वाढतो आणि चांगल्या सीलमधूनही ऑइल बाहेर पडते. तो साफ न करता सील बदलले, तर नवे सीलही गळू शकते.

क्रँकच्या मागच्या सीलचे दुखणे सर्वात महागडे. सील स्वस्त असते, पण तिथे पोहोचायला बहुतेक गाड्यांत गिअरबॉक्स उतरवावा लागतो. खर्च होतो तो मजुरीचा. क्लच प्लेट बदलण्यासाठी गिअरबॉक्स उतरलेलाच असेल, तर जुन्या गाडीत हे सीलही त्याच वेळी बदलून घेणे शहाणपणाचे. तिथली गळती क्लच प्लेटपर्यंत गेली तर क्लच घसरू लागतो. तसेच टायमिंग बेल्टच्या मागचे सील: बेल्टला ऑइल लागले की तो लवकर खराब होतो, आणि तो तुटला तर अनेक इंजिनांत व्हॉल्व्ह वाकतात.

बदलताना जुन्या सीलवरचा आकडा पाहावा. ३५-५०-८ म्हणजे शाफ्ट ३५ मिमी, बाहेरचा व्यास ५० मिमी, जाडी ८ मिमी. पण माप जुळले म्हणून काम झाले असे नाही. गरम जागेसाठी रबरही त्याच दर्जाचे हवे. स्प्रिंगची बाजू ऑइलकडे ठेवावी, कडेला ऑइल लावावे आणि सील सरळ, सगळीकडून सारखे ठोकत बसवावे. काही नव्या इंजिनांतील टेफ्लॉनची सील मात्र कोरडीच बसवतात. शाफ्टवर नखाला लागेल एवढी खाच पडली असेल, तर नव्या सीलची कड त्या खाचेवर बसू देऊ नये. सील किंचित आत-बाहेर बसवतात किंवा शाफ्टवर पातळ स्लीव्ह चढवतात.