दाखला कोणाचा, खेळाडू कोणाचा?

आजच्या भागाचं हे लेखी रूप. बोलताना जे थोडं पसरलं होतं ते इथे आवरून घेतलंय, बाकी सगळं तसंच ठेवलंय.

सुरुवात एका चित्रानं करू. जूनचा शेवटचा आठवडा. उन्हामुळे आपल्या विदर्भात शाळा उशिरा उघडतात, तशा त्या नुकत्याच उघडल्यात. तालुक्याच्या गावातल्या एका हायस्कुलात नवा क्रीडाशिक्षक रुजू झालाय. त्याला फुटबॉल मनापासून येतो. बाजूच्या गावातले दोन पोट्टे त्यानं चिखलात खेळताना पाहिलेत आणि त्याची झोप उडालीय. तो सरळ त्यांच्या बापाकडे जातो. बाप धानाच्या रोवणीच्या तयारीत. सर म्हणतात, "पोराला आमच्या शाळेत टाका, त्याचं भलं होईल." आठवड्याभरात त्या पोरांच्या जुन्या शाळेत ही बातमी पोचते आणि मुख्याध्यापक टेबलावर हात आपटतात, "घडवलं आम्ही, आणि हा आयतं उचलून नेणार?"

हे चित्र कुण्या एका गावाचं नाही. चंद्रपूर-गडचिरोलीत जिथे जिथे शाळेचा संघ उतरतो, तिथे ते थोड्याफार फरकानं ओळखीचं वाटेल. आज मला विचारायचंय ते इतकंच, की या भांडणात बरोबर कोण? आणि त्यासाठी थोडं इतिहासात जाऊ.

आधी भांडणाचं मूळ समजून घेऊ. शालेय स्पर्धा १४, १७ आणि १९ वर्षांखालच्या गटांत होतात. फुटबॉलमध्ये मैदानात उतरतो तो शाळेचा संघ. जिल्ह्यात जिंकलेली शाळा विभागात जाते. आपला नागपूर विभाग म्हणजे नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली, हे सहा जिल्हे. तिथून पुढे राज्य. १९६० साली सुरू झालेल्या सुब्रोतो करंडकातही शाळाच खेळतात. म्हणजे धावपटू कुठल्याही शाळेत असला तरी एकटा पळून पुढे जाऊ शकतो. फुटबॉलपटूला मात्र सोबत दहा जण लागतात, आणि तेही त्याच शाळेच्या पटावरचे. चांगल्या पोरानं कमकुवत शाळेत राहायचं म्हणजे पहिल्याच फेरीत घरी यायचं.

आणि हे नुसतं करंडकाचं प्रकरण नाही, बरं का. दहावी-बारावीला खेळाचे वाढीव गुण मिळतात. सरकारी नोकरीत गुणवत्ताधारक खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे. पोलीस भरतीची वाट बघणाऱ्या घरात त्या प्रमाणपत्राची किंमत काय असते ते मी सांगायला नको.

दुसरी बाजूही तितकीच खरी. शाळेत शिक्षक किती, हे पटसंख्येवरून ठरतं. संचमान्यता हा शब्द शिक्षकांच्या घरात जेवतानासुद्धा निघतो. पट काठावर असलेल्या शाळेतून पोरं गेली तर एखाद्या गुरुजींचं पद धोक्यात येतं. म्हणजे टेबलावर आपटलेल्या हातात अहंकार असेल, पण भीतीही असते.

आता जाऊ मुंबईला. खेळ बदलतोय, फुटबॉलवरून क्रिकेटवर येतोय, पण गोष्ट हीच आहे. महाराष्ट्रात खेळासाठी शाळा बदलण्याची सगळ्यात प्रसिद्ध कहाणी तिथलीच.

मुंबईत शालेय क्रिकेटच्या दोन जुन्या स्पर्धा, हॅरिस शील्ड आणि जाइल्स शील्ड. इथेही संघ शाळेचाच. १९८४ च्या सुमारास अजित तेंडुलकर आपल्या धाकट्या भावाला शिवाजी पार्कवर रमाकांत आचरेकर सरांकडे घेऊन गेला. सचिन तेव्हा वांद्र्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये होता. सरांनी सल्ला दिला की दादरच्या शारदाश्रमात घाला, तिथे क्रिकेट आहे. शाळा बदलली. पण वांद्र्याहून रोजचं येणं-जाणं त्या वयात झेपेना, म्हणून सचिन शिवाजी पार्कजवळ काका-काकूंकडे राहायला आला.

फेब्रुवारी १९८८ मध्ये आझाद मैदानावर हॅरिस शील्डच्या सामन्यात शारदाश्रमच्या दोन पोरांनी सेंट झेवियर्सविरुद्ध ६६४ धावांची अभेद्य भागीदारी केली. विनोद कांबळी नाबाद ३४९, सचिन नाबाद ३२६. तो आकडा आपल्याला पाठ असतो. काका-काकूंचं घर मात्र आपण विसरतो. सरांचा सल्ला कितीही मोलाचा असला, तरी ते घर नसतं तर तो सल्ला बसच्या रांगेतच थकून गेला असता.

पुढची गोष्ट बोरिवलीची. १९९९ च्या सुमारास दिनेश लाड सरांनी एका शाळकरी ऑफस्पिनरला पाहिलं आणि आपल्या शाळेत, स्वामी विवेकानंद इंटरनॅशनल स्कूलमध्ये यायला सांगितलं. पोरगा आजोबा-काकांकडे राहणारा, नव्या शाळेची फी परवडणारी नव्हती. सरांनी शाळेकडून फी माफ करून घेतली. त्या मुलानं नंतर सांगितलं की चार वर्षं एक पैसा भरावा लागला नाही. तो मुलगा रोहित शर्मा.

त्याच लाड सरांनी काही वर्षांनी पालघरकडचा एक मुलगा पाहिला, शार्दूल ठाकूर. पालघर तेव्हा ठाणे जिल्ह्यातच होतं. तिथून रोज बोरिवली गाठणं, वर शाळा आणि सराव, हे वडिलांना पटेना. बापाची शंका रास्तच होती. सरांनी वाद घातला नाही. पोराला स्वतःच्या घरी ठेवून घेतलं. २००६ मध्ये हॅरिस शील्डच्या सामन्यात शार्दूलनं एका षटकात सहा षटकार मारले.

या तिन्ही गोष्टींत शाळा बदलली, हे सगळ्यांना दिसतं. पण प्रत्येक वेळी दाखल्याच्या मागे कुणीतरी एक न दिसणारी गोष्ट पुरवली आहे. एकदा घर, एकदा फी, एकदा घर आणि जेवण दोन्ही. प्रशिक्षकानं पोरगा मागितला, पण त्याचा भारही उचलला किंवा उचलणारं माणूस सापडलं.

आता एक कबुली. मी सांगितल्या त्या सगळ्या यशाच्या गोष्टी. इतिहास असाच लिहिला जातो, जिंकलेल्यांचा. ज्यांनी शाळा बदलली, दोन वर्षं राखीव खेळाडू म्हणून बाकावर काढली, दहावीत गटांगळी खाल्ली आणि परत जुन्या गावात आले, त्यांची नावं आपल्याला माहीत नाहीत. आणि जे मागे राहिले त्यांचीही नाहीत. अकरातले दोन गेले की नऊ उरतात. नऊ जणांचा संघ कुणी स्पर्धेला पाठवत नाही.

या मागे राहिलेल्यांचा विचार करणारा एक मास्तर आपल्या नागपुरात झाला. विजय बारसे हे हिस्लॉप कॉलेजात क्रीडाशिक्षक. पावसात झोपडपट्टीतली पोरं तुटकी बादली लाथाडत खेळताना त्यांना दिसली. यांतली बरी दोन निवडून कॉलेजात नेऊ, असं त्यांनी केलं नाही. त्यांनी बॉलच वस्तीत नेला. २००१ पासून झोपडपट्टी फुटबॉल उभा राहिला, तोच पुढे स्लम सॉकर म्हणून जगभर ओळखला गेला. २०२२ चा 'झुंड' हा सिनेमा त्यांच्यावरूनच निघाला. पोराला मैदानाकडे हलवायचं की मैदान पोराकडे, हा प्रश्न बारसे सरांनी दुसऱ्या टोकानं सोडवला.

आता परत आपल्या जंगलात येऊ.

मुंबईत शाळा बदलणं म्हणजे बस बदलणं. आपल्याकडे ते तसं नाही. भामरागडहून गडचिरोली दीडशे किलोमीटरपेक्षा जास्त. पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ता वर्षानुवर्षे तुटत आलाय, आणि शालेय स्पर्धांचे दिवस नेमके पावसाळ्यातच सुरू होतात. शिवाय इथलं कितीतरी पोर आधीच घर सोडून आलेलं असतं. हेमलकशाचा लोकबिरादरी प्रकल्प १९७३ साली सुरू झाला आणि तिथली आश्रमशाळा १९७६ मध्ये. तेव्हा माडिया आईबापांना पोरं शाळेत पाठवायला राजी करण्यासाठी कार्यकर्ते पाड्यापाड्यांवर पायी फिरले. घराबाहेर शिकायला जाणं हाच त्या घरांसाठी पहिला मोठा बदल होता. वसतिगृहात रुळायला, आपल्या बोलीतून मराठीत यायला पोरांना वेळ लागतो. अशा पोराला नववीत सांगायचं, की चल, आता दुसऱ्या शाळेत. म्हणजे दुसऱ्यांदा घर सोडायला सांगणं आहे.

पण मग इथल्या पोरानं पुढे जाऊच नये का? असं म्हणणाऱ्याला मी २०१८ ची आठवण करून देईन. 'मिशन शौर्य'. आदिवासी विकास विभागानं आणि चंद्रपूर जिल्हा प्रशासनानं आश्रमशाळांतली मुलं निवडली. ऑगस्ट २०१७ पासून सराव सुरू झाला. वर्धा, हैदराबाद, दार्जिलिंग, लेह. मे २०१८ मध्ये मनीषा धुर्वे, प्रमेश आळे, उमाकांत मडावी, कवीदास काठमोडे आणि विकास सोयाम हे पाच जण एव्हरेस्टच्या माथ्यावर पोचले. पोरं हिमालयापर्यंत गेली, पण शिखरावर उभं राहतानाही त्यांची ओळख चंद्रपूरच्या आश्रमशाळेचे विद्यार्थी हीच होती. प्रशिक्षण बाहेर झालं, मान गावच्या शाळेला मिळाला.

हं, गिर्यारोहणात शाळा विरुद्ध शाळा नसते, हे मान्य. फुटबॉलला ते जसंच्या तसं लागू होणार नाही. पण एक धडा त्यातून घेता येतो. चांगलं प्रशिक्षण आणि शाळेचा दाखला या दोन गोष्टी एकमेकींना बांधलेल्याच असतात असं नाही. सुटीतलं शिबिर, रविवारचा एकत्र सराव, यासाठी कुणाचाच पट कमी होत नाही.

कायदा काय म्हणतो? २००९ चा शिक्षण हक्क कायदा पालकाच्या बाजूनं आहे. मूल दुसऱ्या शाळेत जात असेल तर मुख्याध्यापकानं दाखला ताबडतोब द्यायचा. अडवून धरला तर शिस्तभंगाची कारवाई होऊ शकते. पण हा कायदा ६ ते १४ वयाच्या मुलांपुरता, आठवीपर्यंतचा. आपलं भांडण बहुतेकदा सतरा वर्षांखालच्या गटातलं, म्हणजे नववी-दहावीचं. नेमकं तिथेच कायद्याचा हात सुटतो आणि उरतो तो गावातला शहाणपणा.

अमेरिकेत हायस्कूलच्या फुटबॉलवरून, तो त्यांचा हातात बॉल धरून पळायचा फुटबॉल, हाच वाद आहे. तिथल्या अनेक राज्यांत घर न बदलता नुसती शाळा बदलली तर त्या मुलाला काही काळ मुख्य संघातून खेळू देत नाहीत. मला तो उपाय पटत नाही. पोरगा पळवला मोठ्या माणसांनी, आणि बाकावर बसवायचं पोराला?

म्हणून नव्या सरांना माझं सांगणं. पोरगा मागायचा हक्क तुम्हाला आहे. आचरेकर सरांनी मागितला, लाड सरांनी मागितला. पण बापापुढे बसाल तेव्हा आधी सांगा की पोरगा राहील कुठे, जेवेल काय, दहावीचं गणित त्याला कोण शिकवेल, आणि पाय मोडला तर त्याला परत कोण आणेल. याची उत्तरं असतील तर दाखला मागा. नसतील तर तुम्हाला पोरगा नकोय, करंडक हवाय.

आणि मुख्याध्यापक साहेब, तुम्हालाही. दाखला अडवून पोरगा थांबतो, खेळाडू थांबत नाही, तो विझतो. त्याला जाऊ द्यायचं असेल तर मोठ्या मनानं जाऊ द्या आणि नव्या सरांकडून एकच वचन घ्या. महिन्यातून एक रविवार त्यांनी बॉल घेऊन तुमच्या मैदानावर यायचं, त्या उरलेल्या नऊ जणांसाठी.

त्या नवांतूनच पुढचा डावा पाय निघणार आहे. भेटू पुढच्या भागात.