आंतरराष्ट्रीय नागरी सेवा

आपद्ग्रस्त वा विपन्न वस्तीत परदेशी स्वयंसेवकांनी स्थानिकांच्या बरोबरीने श्रमदान करावे, या तत्त्वावर उभी राहिलेली शांततावादी चळवळ. स्विस अभियंता प्येर सेरेझोल (१८७९–१९४५) यांनी १९२० मध्ये फ्रान्समधील व्हेर्दंजवळच्या, पहिल्या महायुद्धात उद्ध्वस्त झालेल्या एका गावी तिचे पहिले सेवाशिबिर (स्वयंसेवकांनी एकत्र राहून श्रमकार्य करण्याची व्यवस्था) भरविले. १५ जानेवारी १९३४ च्या भूकंपाने बिहार हादरल्यावर सेरेझोल आणि मोजके युरोपीय सहकारी तेथे आले व ग्रामस्थांसह गावांच्या पुनर्बांधणीत राबले. स्थानिकांची गरज व नेतृत्व प्रमाण मानणारी, दीर्घकाळ टिकणारी सेवाच खरी उपकारक ठरते. स्थानिकांना न विचारता काढलेले अल्पकालीन सेवादौरे मात्र त्यांचा रोजगार हिरावू शकतात आणि परावलंबन वाढवू शकतात.