उपकरण-पेटीतून होणारे अनिष्ट विद्युतचुंबकीय उत्सर्जन

इलेक्ट्रॉनिक उपकरणाच्या पेटीच्या सांध्यांतून, वायुछिद्रांतून किंवा तिला जोडलेल्या केबलींवरून हेतू नसताना बाहेर पडणाऱ्या रेडिओ-वारंवारतेच्या ऊर्जेस अनिष्ट विद्युतचुंबकीय उत्सर्जन म्हणतात. या ऊर्जेमुळे दुसऱ्या उपकरणाच्या कार्यात बाधा आल्यास त्या बाधेला विद्युतचुंबकीय व्यत्यय ही संज्ञा आहे. उपकरण धातूच्या पेटीत बसविले की उत्सर्जन थांबते, असा समज सर्वत्र आढळतो. प्रत्यक्षात पेटीची उपयुक्तता तिच्यातील सर्वांत लांब फटीवर आणि तिच्यातून बाहेर येणाऱ्या केबलींवर अवलंबून असते. पत्र्याच्या जाडीला त्या मानाने फारसे महत्त्व नाही.

== उगम ==
आधुनिक विद्युत-परिपथ प्रवाह अतिशय वेगाने चालू-बंद करतात. मोबाइलचा चार्जर, एलईडी दिवा, संगणकाचा पॉवर सप्लाय, सौर कृषिपंपाचा नियंत्रक, मोटारीची गती बदलणारी ड्राइव्ह या सर्वांचे कार्य याच तत्त्वावर चालते. चालू-बंद होण्याची क्रिया जितकी झटकन होते, तितक्या उच्च वारंवारतेपर्यंत तिचे हार्मोनिक पोहोचतात. २५ मेगाहर्ट्झच्या घड्याळ-संकेताचे ७५, १२५, १७५ मेगाहर्ट्झ असे विषम हार्मोनिक विशेष प्रबळ असतात. दोषशोधात याचा मोठा उपयोग होतो, कारण त्रास देणाऱ्या वारंवारतांमधील अंतर मोजले की मूळ संकेत ओळखता येतो.

== पत्रा, फट आणि सांधा ==
मायकेल फॅरडे याने १८३६ मध्ये दाखवून दिले की, वाहक पिंजऱ्याच्या बाहेरील विद्युतभाराचा परिणाम आत पोहोचत नाही. उच्च वारंवारतेचा प्रवाह धातूच्या पृष्ठभागालगतच वाहतो. १ मेगाहर्ट्झला तांब्यातील हा थर सुमारे ०.०६६ मिलिमीटर असतो. म्हणून १ मिलिमीटर जाडीचा अखंड पत्रा रेडिओ-वारंवारतेसाठी पुरेसा ठरतो. अडचण अशी की अखंड पेटी कोणालाच वापरता येत नाही. तिला झाकण, दार, पडदा, बटणे आणि हवेसाठी छिद्रे लागतात.

फटीचे क्षेत्रफळ गौण असते, तिची लांबी निर्णायक ठरते. कागद जेमतेम शिरेल इतकी अरुंद फटसुद्धा तरंगलांबीच्या निम्मी लांब झाली, तर ती ॲन्टेनासारखी प्रारित होते. १ गिगाहर्ट्झला ही लांबी १५ सेंटिमीटर आहे. ५ सेंटिमीटरची फट ३०० मेगाहर्ट्झला सुमारे २० डेसिबल संरक्षण देते, तर १ गिगाहर्ट्झला तीच फट १० डेसिबलही देत नाही. झाकणाच्या दोन स्क्रूंमधील अंतर हीदेखील फटच असते, ही गोष्ट आरेखनात वारंवार दुर्लक्षिली जाते. रंग किंवा पावडर-लेप विद्युतरोधक असल्यामुळे बाहेरून घट्ट दिसणारा सांधा विद्युतदृष्ट्या उघडा राहू शकतो. अशा ठिकाणी कडांवरील रंग खरवडून वाहक गॅस्केट बसवितात. मात्र ॲल्युमिनियमच्या पेटीला विसंगत धातूचे गॅस्केट लावल्यास पावसाळ्यातील दमट हवेत तेथे गंज चढतो आणि पहिल्या वर्षी उत्तम असलेला सांधा पुढे निकामी होतो.

=== उष्ण हवामानातील अडचण ===
अकोला व अमरावती या वऱ्हाडातील जिल्ह्यांत मे महिन्यात तापमान ४५ अंश सेल्सियसच्या वर जाते. जिनिंग-प्रेसिंग कारखान्यातील ड्राइव्हच्या पेटीला भरपूर हवा हवी असते आणि त्याच हवेत सरकीचे तंतू उडत असतात. जाळी तुंबते, पेटी तापते. मग दार उघडे ठेवून समोर टेबल फॅन लावण्याचा सर्वपरिचित उपाय केला जातो. त्या क्षणी पेटीचे कवच म्हणून असलेले कार्य संपते. पंख्यासाठी कापलेला मोठा चौकोन किंवा लांब पट्ट्यांच्या झडपा यांऐवजी तेवढ्याच हवेसाठी पुष्कळ लहान गोल छिद्रे ठेवणे श्रेयस्कर. अधिक संरक्षण हवे असल्यास मधाच्या पोळ्यासारखी धातूची जाळी वापरतात. तिच्या प्रत्येक नळीची खोली व्यासाच्या तिप्पट असल्यास, नळीच्या सीमा-वारंवारतेच्या बऱ्याच खाली, एका नळीमागे सैद्धांतिक क्षीणन ९० डेसिबलच्या पुढे जाते आणि हवा मात्र मोकळी वाहते.

== केबल ==
अनुभवी तंत्रज्ञ पेटीकडे पाहण्याआधी केबलींकडे पाहतात, आणि ते योग्यच आहे. पेटीच्या मानाने केबल लांब असल्याने ती अधिक परिणामकारक ॲन्टेना ठरते. ५० मेगाहर्ट्झला १ मीटर केबलीतून एकाच दिशेने वाहणारा अवघा ५ मायक्रोअँपिअर प्रवाह १० मीटर अंतरावर सुमारे ३२ मायक्रोव्होल्ट प्रति मीटर इतके क्षेत्र निर्माण करतो. घरगुती वापराच्या उपकरणांना असलेली मर्यादा एवढ्यानेच गाठली जाते.

उपाय म्हणून केबलीचे जाळीदार कवच पेटीत शिरतानाच सर्व बाजूंनी पत्र्याला चिकटवावे लागते. कवचाची वेणी करून ती आतल्या एखाद्या स्क्रूला बांधल्यास उच्च वारंवारतेला त्याचा लाभ जवळजवळ उरत नाही. हीच गोष्ट अर्थिंगची. अर्थिंगची तार जीवितरक्षणासाठी अनिवार्य आहे, पण १ मीटर तारेचा १०० मेगाहर्ट्झला होणारा विरोध सुमारे ६०० ओहम असल्यामुळे नुसते अर्थिंग वाढवून उत्सर्जन कमी होत नाही.

== दोषशोध ==
प्रथम संशयित उपकरण बंद करून व्यत्यय थांबतो का, हे पाहतात. प्राथमिक शोधासाठी मध्यम लहरींचा साधा ट्रान्झिस्टर पुरतो: केंद्र नसलेल्या जागी सुई ठेवून तो उपकरणाजवळ व तारांच्या बाजूने फिरविल्यास खरखर कोठे वाढते ते कळते. अर्थात शेकडो मेगाहर्ट्झच्या उत्सर्जनाचा ठाव त्याने लागत नाही. तेथे वर्णपट-विश्लेषक, केबलीभोवती बसणारा प्रवाह-शोधक आणि तारेच्या लहान वेढ्याचा निकट-क्षेत्र शोधक लागतो.

त्यानंतर काढता येण्याजोग्या संकेत-केबली एकेक करून काढतात. उत्सर्जन घटले नाही, तर सांध्यांवर तांब्याची चिकटपट्टी लावून पाहतात. येथे एक फसगत ठरलेली. चार सारख्या गळत्या असतील तर त्यांपैकी एक बंद केल्याने फरक जेमतेम १ ते अडीच डेसिबल पडतो. तंत्रज्ञ तो उपाय निरुपयोगी समजून काढून टाकतो आणि पुढच्या गळतीकडे वळतो. अशा रीतीने चारही योग्य उपाय एकापाठोपाठ एक फेटाळले जातात. म्हणून लावलेला प्रत्येक उपाय तसाच ठेवून पुढे जावे, उत्सर्जन मर्यादेत आल्यावर एकेक काढून पाहावा आणि ज्याविना चालते तेवढाच वगळावा.

वीजपुरवठा तोडल्यावरही ड्राइव्हमधील धारित्रांत शेकडो व्होल्ट दाब काही मिनिटे टिकतो. निर्मात्याने सांगितलेला वेळ जाऊ देऊन दाब मोजल्याखेरीज पेटीत हात घालू नये. चाचणीसाठीही संरक्षक अर्थिंग कधीच काढू नये.

== खोडद येथील दुर्बीण ==
महाराष्ट्रात या विषयाची सर्वांत कठोर कसोटी पुणे जिल्ह्यातील नारायणगावजवळच्या खोडद येथे लागते. तेथील विशाल मीटरतरंग रेडिओ दुर्बीण प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० ॲन्टेनांची असून ती टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे राष्ट्रीय खगोलभौतिकी केंद्र चालविते. रेडिओखगोलातील मापनाचे एकक जान्स्की होय. चंद्रावर ठेवलेला, २०० किलोहर्ट्झ पट्ट्यात १ वॉट शक्तीने प्रक्षेपण करणारा मोबाइल पृथ्वीवरून सुमारे २७० जान्स्कीचा दिसेल. दुर्बिणीचे अनेक लक्ष्य-स्रोत मात्र सहस्रांश जान्स्कीहूनही मंद असतात. त्यामुळे वेधशाळेची स्वतःची संगणक-यंत्रणा कवचयुक्त खोलीत ठेवावी लागते आणि अभ्यागतांना मोबाइल बंद करण्यास सांगितले जाते. परिसरातील वीजवाहिन्यांवरील ठिणग्या हा तेथील जुना त्रास आहे. त्यांच्या आवेगी व्यत्ययाचे मूळ पेटीत नसल्याने कवच तेथे चालत नाही, म्हणून तो संकेत-प्रक्रियेत तत्काळ गाळण्याची सोय केलेली आहे.

== मर्यादा व चाचणी ==
उत्सर्जनाच्या आंतरराष्ट्रीय मर्यादा 'सिस्पर' ही समिती ठरविते. तिच्या ३२ क्रमांकाच्या मानकानुसार ३० ते २३० मेगाहर्ट्झ या पट्ट्यात १० मीटरवरील मर्यादा घरगुती वर्गासाठी ३०, तर औद्योगिक वर्गासाठी ४० डेसिबल-मायक्रोव्होल्ट प्रति मीटर आहे. राज्यात नवी मुंबईत 'समीर' या शासकीय संस्थेची आणि पुण्यात वाहनांसाठी एआरएआयची चाचणीसुविधा आहे. अकोल्याहून मुंबईचे लोहमार्गी अंतर ५५० किलोमीटरहून अधिक असल्याने वऱ्हाडातील लहान उत्पादकाला प्रत्येक अपयशी चाचणीची फेरी महाग पडते. केबली व सांध्यांची वरील प्राथमिक तपासणी निघण्यापूर्वी कार्यशाळेतच करणे त्याच्या हिताचे असते.