स्थिरतेची सक्ती आणि छायाचित्रणाचे नियम

व्यक्तिचित्र कसे घ्यावे, रंगमंचावरील गायक वा नर्तक कसा टिपावा, यासंबंधी काही नियम नवशिक्यास आजही सांगितले जातात. प्रकाश एका बाजूने घ्यावा, पार्श्वभूमी पुसट ठेवावी, डोळे रेखीव यावेत, उडी तिच्या शिखरावर पकडावी, हे त्यांतील प्रमुख होत. हे नियम निव्वळ सौंदर्यदृष्टीतून निघाले असा सर्वसाधारण समज आहे. त्यांचा इतिहास पाहता मात्र असे दिसते की, त्यांपैकी बहुतेकांचा जन्म एकाच अडचणीतून झाला. प्रारंभीच्या काळातील पत्र्यास व काचेस चित्र उमटण्यासाठी फार वेळ प्रकाश लागत असे. ही अडचण नाहीशी झाली, पण नियम राहिले.

भाषेच्या अभ्यासकास ही प्रक्रिया अपरिचित नाही. मराठीत कित्येक ठिकाणी नासिक्य उच्चार लोपल्यावरही त्यांचे अनुस्वार लेखनात टिकून होते, आणि १९६२ सालच्या साहित्य महामंडळाच्या नियमांनी त्यांस रजा दिली. छायाचित्रणातील कोणता नियम अशा अनुच्चारित अनुस्वारासारखा उरला आहे आणि कोणता अद्याप अर्थ वाहतो, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. बोलींचे व लोककलांचे क्षेत्रीय संशोधन करणारे विद्यार्थी ध्वनिमुद्रणासोबत छायाचित्रेही आणतात आणि पुढे ती पुरावा म्हणून वाचली जातात. म्हणून हा प्रश्न केवळ हौसेचा नाही.

दागेरची पद्धती १८३९ साली पॅरिसमध्ये जाहीर झाली, तेव्हा एका चित्रास भर उन्हातही कित्येक मिनिटे लागत. जिवंत माणसाचे चित्र घेणे त्यामुळे दुरापास्त होते. १८४० साली पेत्सवालने व्यक्तिचित्रांसाठी खास भिंग रचले आणि हा अवधी पुष्कळच घटला. १८५१ साली आर्चरची ओल्या काचेची पद्धती आली व तो सेकंदांवर आला. तरीही काही सेकंद निश्चल बसणे मनुष्यास सोपे नसते. म्हणून खुर्चीमागे लोखंडी दांडा उभारून त्याच्या चिमट्याचा आधार डोक्यास देत. त्या काळच्या चित्रांतील गंभीर मुद्रेचे कारण काही अंशी शिष्टाचारात असले, तरी हास्य फार वेळ धरून ठेवता येत नाही हेही त्यामागे होतेच. भरपूर पण सौम्य प्रकाश मिळावा म्हणून स्टुडिओस काचेचे छप्पर असे आणि शक्यतो उत्तरेकडील उजेड पडदे सारून हवा तसा वळवीत. पेत्सवालच्या भिंगातून चित्राचा मध्यभाग रेखीव आणि कडा पुसट येत. हा त्या भिंगाचा दोष होता. पण पाहणाऱ्यांची दृष्टी त्यास सरावली आणि पुढे तोच गुण ठरला.

या मर्यादेतूनही काहींनी कलेची वाट काढली. पॅरिसच्या नादारने रंगविलेले पडदे व खांब दूर सारले, साध्या पार्श्वभूमीपुढे माणसास उभे केले आणि त्यास बोलते ठेवून त्याच्या स्वभावाचा ठाव घेतला. कलकत्त्यास जन्मलेल्या ज्यूलिया मार्गारेट कॅमेरॉन यांच्या हाती वयाच्या ४८ व्या वर्षी, १८६३ साली, कॅमेरा आला. त्यांनी दीर्घ अवधीत चेहऱ्यावर उमटणारी किंचित हालचाल टाळण्याऐवजी स्वीकारली. आपल्याकडेही ही विद्या लवकर पोचली. मुंबईत १८५४ साली छायाचित्रकारांची संस्था स्थापन झाली आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी हे तिच्या आरंभीच्या भारतीय सभासदांपैकी होते.

रंगमंचाची कथा याहून निराळी आहे. सांगलीस १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी 'सीता स्वयंवरा'चा प्रयोग केला, तेव्हा छायाचित्रण जन्मून चार वर्षे झाली होती. परंतु दिव्यांच्या उजेडात चाललेला प्रयोग टिपणे त्या तंत्राच्या आवाक्याबाहेर होते. १८८७ साली मॅग्नेशियमची झगमगती पूड प्रचारात आली. पण तिचा लखलखाट व धूर भर प्रयोगात कोण सहन करणार? यास्तव नट वेष करून स्टुडिओत जाई आणि तेथे भूमिकेची मुद्रा धरून बसे. 'मानापमाना'तील भामिनी (१९११) वा 'एकच प्याला'तील सिंधू (१९१९) या भूमिकांमुळे गाजलेल्या बालगंधर्वांची स्त्रीवेषातील जी चित्रे सर्वपरिचित आहेत, त्यांकडे या दृष्टीने पाहिले पाहिजे. अशा मांडून घेतलेल्या चित्रांवरून वेष, दागिने, पदराची ठेवण यांविषयी पुष्कळ सांगता येईल. रंगमंचावरील हालचालीविषयी अनुमान काढणे मात्र धोक्याचे होय. रंगांविषयीही सावध राहावे. जुन्या काचा निळ्या प्रकाशास संवेदनक्षम व तांबड्यास जवळजवळ अंध होत्या. म्हणून त्यांत कुंकू काळे दिसते आणि निळे वस्त्र फिके. सर्व रंगांस प्रतिसाद देणाऱ्या काचा १९०६ च्या सुमारास बाजारात आल्या.

१९२४ साली अर्मानॉक्स व १९२५ साली लायका हे कॅमेरे आले. पहिल्याचे भिंग असाधारण तेजस्वी होते, दुसऱ्याची फिल्म छोटी व हाताळणी सुटसुटीत होती. सभागृहातील उपलब्ध प्रकाशात चित्र घेणे आता शक्य झाले. तथापि नृत्यचित्रणातील एक अत्यंत प्रसिद्ध चित्र, मार्था ग्रॅहम यांचे १९४० सालचे, प्रयोगात घेतलेले नाही. बार्बरा मॉर्गन यांनी नृत्याचा आशय समजून घेऊन निवडक क्षण कॅमेऱ्यासाठी पुन्हा करवून घेतले. सक्ती संपल्यावरही त्यांनी मांडणी पत्करली. म्हणजे मांडणी असत्य ठरते असे नाही. ती मांडणी आहे हे नोंदवले पाहिजे, इतकेच.

या इतिहासावरून आजच्या व्यवहारासाठी काही निष्कर्ष निघतात. बाजूचा प्रकाश हा नियम अद्याप सार्थ आहे, कारण चेहऱ्याचा उठाव त्यानेच कळतो. खिडकीजवळ बसविलेल्या वृद्ध निवेदकास दुसरी साधने लागत नाहीत. कॅमेरा सुमारे दोन मीटर दूर ठेवावा. फार जवळून नाक मोठे व कान लहान दिसतात. 'हलू नका' ही आज्ञा मात्र पूर्ण कालबाह्य झाली. माणसास बोलू द्यावे आणि वाक्य संपल्यानंतरच्या क्षणाची वाट पाहावी. पुसट पार्श्वभूमीचा आग्रह हा संशोधकापुरता तरी अनुच्चारित अनुस्वारच आहे. कीर्तनकारामागील टाळकरी व मृदंगवादक पुसले गेले, तर अर्धा पुरावा गेला.

प्रयोगात झगमगता दिवा वापरू नये. त्याने कलावंताचे लक्ष विचलित होते आणि रंगमंचावरील प्रकाशयोजनाही नष्ट होते. नर्तकासाठी सेकंदाचा १/२५० व बैठ्या गायकासाठी १/१२५ इतका अवधी बहुधा पुरतो. काळ्या पडद्यामुळे कॅमेऱ्याचा प्रकाशमापक फसतो व चेहरा पांढराफटक पडतो. सबब मापन चेहऱ्यावरूनच करावे. उडीच्या शिखरावर शरीराचा ऊर्ध्व वेग क्षणभर शून्य असतो, म्हणून तो क्षण मंद काचांनाही साधे. तोच नृत्याच्या अर्थाचाही क्षण असल्यामुळे हा नियम टिकला. कथकमध्ये तिहाईनंतरची सम ही अशीच जागा आहे. गायकाच्या बाबतीत उच्चारशास्त्र उपयोगी पडते. लांबलेल्या आकारात जबडा पूर्ण उघडतो व मुद्रा विस्कटते. 'प', 'ब', 'म' यांवर ओठ मिटतात. पदाचे शब्द ज्यास ठाऊक आहेत, त्यास पुढील अक्षराची चाहूल आधीच लागते.

शेवटी एक आवश्यक सूचना. प्रत्येक चित्रामागे स्थळ, दिनांक, प्रकाशाचे साधन, कलावंताची संमती आणि चित्र चालू प्रयोगात घेतले की मुद्दाम करवून घेतले, हे त्याच दिवशी लिहून ठेवावे. जुन्या स्टुडिओंनी ही शेवटची नोंद सहसा ठेवली नाही. म्हणूनच त्यांची चित्रे वाचताना आपणांस इतके तर्क करावे लागतात. आपल्या चित्रांच्या भावी अभ्यासकावर तीच वेळ आणण्याचे कारण नाही.