हृदयातील गाठ : निदान

हृदयाच्या पोकळीत किंवा भिंतीत वाढणारी गाठ. मूळ हृदयातच उद्भवणाऱ्या गाठी अतिशय विरळ. इतर अवयवांच्या कर्करोगातून तेथे पसरलेल्या गाठी त्यांच्या कितीतरी पट जास्त. प्रौढांमधील मूळ गाठींत मिक्सोमा प्रमुख. तो कर्करोग नसतो, पण निरुपद्रवीही नाही. चारांपैकी सुमारे तीन मिक्सोमा डाव्या अलिंदात (हृदयाच्या वरच्या डाव्या कप्प्यात), दोन्ही अलिंदांमधल्या पडद्याला देठाने चिकटलेले आढळतात. स्त्रियांत प्रमाण अधिक.

परभणी जिल्ह्यात धाप लागते म्हणून जिंतूर-पालमकडची चाळिशीतली बाई दवाखान्यात येते, तेव्हा आधी डोळ्यांसमोर येतो तो संधिवाती तापाने आखडलेल्या झडपेचा आजार. बारीक ताप, घटलेले वजन आणि रक्तक्षय असेल तर टीबी. दोन्ही शंका रास्तच. पण मिक्सोमा हीच लक्षणे दाखवतो. गाठ द्विदल झडपेच्या तोंडाशी लोंबकळून रक्ताची वाट अडवते, म्हणून धाप. तिच्यातून इंटरल्युकिन-6 हे दाह वाढवणारे प्रथिन स्रवते, म्हणून ताप आणि वाढलेला ईएसआर. तुकडा सुटून मेंदूत गेला तर ऐन उमेदीत लकवा मारतो. उजव्या बाजूची गाठ पाय व पोट सुजवते आणि यकृताच्या आजाराचा भास होतो.

संशयाला जागा देणाऱ्या खुणा बारीक असतात. कूस बदलताच दम वाढतो किंवा ओसरतो, उभे राहताना भोवळ येते, स्टेथोस्कोपमधली मर्मर बसल्यावर एक आणि आडवे झाल्यावर दुसरीच ऐकू येते. म्हणून रुग्णाला बसवून, झोपवून, डाव्या कुशीवर वळवून ऐकलेच पाहिजे. ताप असून रक्ताचे कल्चर वारंवार निर्जंतुक येणे, थुंकीत काही न सापडणे आणि टीबीच्या औषधांनी उतार न पडणे, यांचीही दखल घ्यावी.

पूर्वी अशा गाठी बहुधा शवविच्छेदनातच कळत. स्टॉकहोममध्ये क्लॅरेन्स क्राफूर्ड यांनी 1954 मध्ये मिक्सोमा यशस्वीपणे काढला. 1959 मध्ये जर्मनीत एफर्ट व डोमानिग यांनी अलिंदातील गाठ ध्वनिलहरींनी ओळखल्याचे नोंदवले. आज टू-डी इकोत ठोक्यागणिक झुलणारी गाठ पडद्यावर दिसते. ती गाठ की रक्ताची गुठळी, हा खरा पेच. गुठळी बहुधा फुगलेल्या अलिंदात, मागील भिंतीशी किंवा उपांगात असते आणि ठोके अनियमित असतात. शंका उरल्यास अन्ननलिकेतून इको किंवा एमआरआय करतात. परभणी शहरात इको होतो. शस्त्रक्रियेसाठी बहुधा छत्रपती संभाजीनगर, पुणे किंवा मुंबई गाठावी लागते. निदानानंतर दिरंगाई नको, कारण तुकडा सुटण्याचा धोका रोजचा असतो. अंतिम शिक्कामोर्तब काढलेल्या गाठीच्या सूक्ष्मदर्शक तपासणीत होते. क्वचित गाठ पुन्हा उद्भवते, म्हणून पुढेही ठरावीक काळाने इको करावा लागतो.