लाल ठिपका नेमका कुठे बसवायचा?

शिक्षण मेकॅनिकलचं आणि पोटापाण्याला कोडिंग, अशी आमची जमात. चार वर्षं घासलेलं ते सगळं मशीन डिझाइन एरवी कुठे उपयोगी पडत नाही. पण गेल्या वर्षी ऑनसाइट असताना, टेक्सासमध्ये एका शनिवारी ते अचानक आठवलं.

टीममधले एक काका आहेत, मूळचे साताऱ्याचे, वय पंचावन्न. ते पिस्तूल स्पर्धांना जातात. मला म्हणाले, "घरी लोळत पडण्यापेक्षा चल की!" माझ्या व्हिसावर बंदूक हातात धरणं नियमात बसत नव्हतं, म्हणून मागे उभं राहून मोबाइलवर स्लो मोशन व्हिडिओ काढायचं काम मी पत्करलं. काकांकडे दोन पिस्तुलं. दोन्हींवर एक छोटी काच आणि काचेत लाल ठिपका. फरक एवढाच, की एकावर ती काच फ्रेमला पकडलेली आणि दुसऱ्यावर थेट स्लाइडवर. घरी येऊन व्हिडिओ पाहिला आणि हबकलोच. दुसऱ्या पिस्तुलात प्रत्येक गोळीला ती नाजूक काच स्लाइडबरोबर मागे आपटत होती, पुढे आपटत होती! मनात म्हटलं, सेन्सर कुणी हातोड्यावर बसवतं का?

ह्या एका प्रश्नापायी माझे दोन-तीन वीकएंड गेले. जे हाती लागलं ते सांगतो.

आधी ठिपका कशासाठी ते बघू. साध्या पिस्तुलात नेम धरताना तीन गोष्टी एका रेषेत आणाव्या लागतात: मागची खाच, नळीच्या टोकावरची माशी आणि समोरचं लक्ष्य. डोळ्याला एका वेळी एकच अंतर स्पष्ट दिसतं, म्हणून नेमबाज माशीकडे बघतो आणि लक्ष्य धूसर सोडतो. चाळिशी लागली की ती माशीच धूसर होते. ह्यावरचा उपाय डब्लिनच्या हॉवर्ड ग्रब ह्यांनी 1900 साली पेटंट केला. हे गृहस्थ दुर्बिणी बनवणारे. काचेवरून परावर्तित झालेली खूण जणू फार दूर, लक्ष्याजवळच आहे अशी दिसावी, ही त्यांची युक्ती. डोळा थोडा इकडेतिकडे झाला तरी खूण लक्ष्यावरून फारशी ढळत नाही. बॅटरीवरचा लाल ठिपका मात्र बऱ्याच नंतर आला. स्वीडनच्या एमपॉइंटचं पहिलं मॉडेल 1975 चं.

तर हा ठिपका पिस्तूल स्पर्धांत गाजला तो 1990 साली. त्या वर्षी जेरी बार्नहार्टने अमेरिकेची राष्ट्रीय स्पर्धा लाल ठिपक्याने जिंकली, आणि डग कोनिगने ऑस्ट्रेलियात अ‍ॅडलेडला झालेली आयपीएससीची जागतिक स्पर्धा. तेव्हाचे ठिपके म्हणजे चांगली जाडजूड नळकांडी. ते वजन स्लाइडवर लादलं तर स्लाइडचा वेग पडणार, स्प्रिंगा बदलाव्या लागणार. त्यामुळे उपाय निघाला तो असा: फ्रेमच्या कुशीत स्क्रू मारायचे आणि स्लाइडच्या वरून पूल बांधल्यासारखी पट्टी न्यायची. स्लाइड खालून ये-जा करते, ठिपका वर आपल्या जागी. माझ्या हातोड्याच्या प्रश्नाला त्यांचं उत्तर तयारच होतं म्हणायचं.

अर्थात माशीवर हात बसवलेल्या लोकांना हे रुचणं कठीणच होतं. आयुष्यभराची साधना आणि समोर बॅटरीवाला! शेवटी गट वेगळे झाले. ठिपकेवाले 'ओपन'मध्ये, माशीवाले 'लिमिटेड'मध्ये. ऑलिम्पिकच्या पिस्तूल प्रकारांत तर आजही ठिपका चालत नाही. आपल्या कोल्हापूरच्या राही सरनोबतने 2018 च्या एशियाडमध्ये 25 मीटर पिस्तूलचं सुवर्ण जिंकलं, ते माशी आणि खाचेवरच.

पुढे इलेक्ट्रॉनिक्स लहान होत गेलं. 2009 साली ट्रिजिकॉनचा आरएमआर आला, तो जेमतेम 34 ग्रॅमचा. एवढंसं वजन स्लाइड सहज पेलते. मग 2015-16 च्या सुमारास अमेरिकेच्या यूएसपीएसएने 'कॅरी ऑप्टिक्स' नावाचा नवा गट काढला. त्यात अट अशी, की ठिपका स्लाइडवरच हवा, फ्रेमवर चालणार नाही. रोजच्या वापरातलं पिस्तूल असावं, पूल बांधलेलं यंत्र नको, हा हेतू.

इथपर्यंत मला वाटत होतं की स्लाइडवरचा ठिपका म्हणजे नाइलाज. पण मग पिस्तूल बंद कसं होतं ते नीट पाहिलं आणि माझीच विकेट पडली.

ब्राउनिंग पद्धतीच्या पिस्तुलात नळी फ्रेमला घट्ट नसते. गोळी सुटते त्या क्षणी ती स्लाइडमध्ये अडकलेली असते, आणि स्लाइड फ्रेमवर थोडी फट ठेवून सरकते. म्हणजे ठिपका फ्रेमवर असेल तर ती फट नेमात चूक म्हणून उतरते. म्हणूनच ओपन पिस्तुलांत स्लाइड आणि फ्रेम इतकी घट्ट जुळवतात. ठिपका स्लाइडवर असेल तर फ्रेमची फट जवळजवळ हिशोबातच येत नाही, कारण नळी आणि ठिपका एकाच सोबत्याला धरून असतात. जुनी माशी आणि खाच स्लाइडवरच का, ह्याचंही उत्तर हेच! ज्या .22 पिस्तुलांत नळी पक्की बसवलेली असते, तिथे मात्र ठिपका नळीच्याच न हलणाऱ्या भागावर बसवावा. उगाच हातोड्याचा मार कशाला?

म्हणजे प्रश्न 'कोणता भाग हलतो' हा नव्हताच. 'गोळी सुटताना नळी कोणाला धरून आहे' हा होता. मी हलणाऱ्या भागावर अविश्वास दाखवून मोकळा झालो होतो.

काकांना हे सगळं उत्साहाने सांगितलं, तर ते हसले. म्हणाले, "अरे, फ्रेमवरचा ठिपका वर उडतो आणि सरळ खाली येतो, नजर सुटत नाही. म्हणून भराभर मारायचं असेल तर मला तोच आवडतो. स्लाइडवरचा मध्येच काचेबाहेर पळतो, पण पिस्तूल सुटसुटीत राहतं." मग थोडं थांबून म्हणाले, "आणि खरं सांगू? पन्नाशीला माशी दिसेनाशी झाली तेव्हा सगळं विकायला काढलं होतं. ठिपका कुठेही बसव बाबा, पण असू दे."

असो. मी अजून तो व्हिडिओ डिलीट केलेला नाही.